मोझार्टचा सी मेजर सोनाटा (के. ५४५): वाजवणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा नेमका कोणता सोनाटा?

व्होल्फगांग अमाडेउस मोझार्टचा सी मेजरमधला पियानो सोनाटा, क्योशेल सूचीत (मोझार्टच्या रचनांची क्रमवार यादी, 'के.' ही तिचीच खूण) क्रमांक ५४५. बहुतेक ठिकाणी त्याला सोळावा सोनाटा म्हणतात, काही पुस्तकांत तो पंधरावा असतो. क्रमांकांच्या भानगडीत न पडता पुस्तक घेताना 'के. ५४५' पाहावे. मोझार्टने स्वतःच्या कामांची एक वही ठेवली होती. तिच्यात २६ जून १७८८ या तारखेला त्याने 'नवशिक्यांसाठी छोटा क्लावियर सोनाटा' अशी याची नोंद केली. त्याच तारखेला त्याच वहीत ई फ्लॅट मेजरमधली ३९वी सिम्फनीही नोंदली आहे. सोनाटा छापला गेला मात्र १८०५ मध्ये, व्हिएन्नात. मोझार्ट जाऊन तेव्हा चौदा वर्षे होत आली होती. त्याच्या हातचे मूळ हस्तलिखित आज सापडत नाही, आणि पुढच्या बऱ्याच प्रश्नांचे मूळ तिथेच आहे.

भाग तीन (बार म्हणजे उभ्या रेघांमधला ठरावीक मात्रांचा एक घर): अलेग्रो (सी मेजर, चार मात्रांचा, ७३ बार), आन्दान्ते (जी मेजर, तीन मात्रांचा, ७४ बार) आणि रोन्दो (सी मेजर, दोन मात्रांचा, ७३ बार).

नवशिक्यांसाठी लिहिलेला असूनही तो इतका अवघड का जातो?

स्वर कमी आहेत म्हणून. जाड कॉर्ड नाहीत, पेडलचा पडदा नाही, डाव्या हातात गडगडाट नाही. एक स्वर अर्धवट दाबला गेला किंवा अंगठा जरा जास्त जोरात पडला, तर ते लपायला जागाच नाही. रोमँटिक काळातल्या एखाद्या दाट रचनेत दहा स्वर निसटले तरी ऐकणाऱ्याला कळत नाही. इथे एक निसटला तरी शेजारच्या खोलीतल्या माणसाला कळतो. स्वर वाचायला सोपा आणि नीट वाजवायला अवघड, हे समजून सुरुवात केली तर निराशा कमी होते.

सुरू करण्याआधी काय येत असावे?

पाश्चात्त्य संगीताच्या परीक्षांतल्या साधारण पाचव्या ग्रेडच्या आसपासची तयारी. नेमके सांगायचे तर:

सी, जी आणि एफ मेजर तसेच ए मायनर या स्केल्स दोन सप्तकांत, मेट्रोनोमवर (ठोके देणारे यंत्र) क्रॉचेट (एका मात्रेचा स्वर) मिनिटाला ८०, आणि प्रत्येक क्रॉचेटला चार सेमीक्वेव्हर (पाव मात्रेचे स्वर) अशा, न अडखळता. फक्त उजव्या हाताने चालणार नाही, डावाही तितकाच तयार हवा. का ते पुढे येईल. याच मेजर कॉर्डांचे तुटक रूप आणि उलटी मांडणी. ट्रेबल (वरच्या स्वरांची) आणि बास (खालच्या स्वरांची) या दोन्ही क्लेफ, म्हणजे ओळीच्या सुरुवातीच्या खुणा, बोट ठेवून मोजावे न लागता वाचता येणे. शिवाय एक हात जोरात आणि दुसरा हळू, असे पाच स्वरांवर तरी करता येणे. शेवटची गोष्ट बहुतेकांकडे नसते, आणि ती नसेल तर बाकी सगळे असूनही हा सोनाटा व्यायामासारखा ऐकू येतो.

यातले निम्मेच जमत असेल तर आधी क्लेमेंटीचे ओपस ३६ मधले एक-दोन सोनाटिना करावेत. ते याच घडणीचे आहेत, पण लांबीला आटोपशीर आणि हाताला सोपे.

ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या मंडळांच्या संगीत परीक्षेला हा चालतो का?

या सोनाट्याचे भाग वेगवेगळ्या वर्षी परीक्षांच्या याद्यांत आलेले आहेत, पण याद्या बदलत राहतात. त्या वर्षाचा अभ्यासक्रम मंडळाच्या संकेतस्थळावर पाहा, आणि कोणता भाग मागितला आहे तेही. तीनही भागांची पातळी सारखी नाही.

कोणती आवृत्ती घ्यावी?

हेन्ले, बेरेनराइटर किंवा विनर उर्टेक्स्ट यांपैकी कोणतीही. उर्टेक्स्ट म्हणजे संपादकाने स्वतःच्या मनाच्या खुणा न घुसडलेली किंवा घुसडल्या असतील तर वेगळ्या दाखवलेली आवृत्ती. खर्च नको असेल तर साल्झबुर्गच्या मोझार्टेउमने संपूर्ण मोझार्टची शास्त्रशुद्ध आवृत्ती इंटरनेटवर खुली ठेवली आहे, तिथून हा सोनाटा पाहता येतो. त्यात बोटांचे आकडे मात्र नसतात.

इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या जुन्या, एकोणिसाव्या शतकातल्या आवृत्त्यांत लांबलचक स्लर (स्वर जोडून वाजवायची कमान), क्रेशेंडो (आवाज वाढवत नेण्याची खूण) आणि पेडलच्या खुणांची गर्दी असते. त्या मोझार्टच्या नाहीत. बोटांसाठी तशी एखादी प्रत शेजारी ठेवायला हरकत नाही, पण वाजवायला पुढ्यात नको. 'सोपे रूपांतर' असे छापलेली पुस्तके तर टाळाच. त्यांत डावा हात कापलेला असतो, आणि या रचनेतले निम्मे शिक्षण डाव्या हातातच आहे.

माझ्याकडे ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड आहे. चालेल?

स्वर वाचायला, बोटे ठरवायला चालेल. पट्ट्या कमी पडणे ही इथली अडचण नाही. मोझार्टच्या पियानोलाही पाचच सप्तके होती. अडचण वजनाची आहे. हलक्या, स्प्रिंगच्या पट्ट्यांवर दोन हातांचा आवाज वेगळा ठेवण्याचा सराव होत नाही, आणि बऱ्याच स्वस्त कीबोर्डांवर पट्टी कशीही दाबली तरी आवाज एकच येतो. पुढे वजनदार पट्ट्यांच्या पियानोवर बसलात की सगळ्या सेमीक्वेव्हर कोलमडतात. निदान आठवड्यातून दोनदा तरी खऱ्या किंवा हॅमर-ॲक्शनच्या डिजिटल पियानोवर हात पडेल अशी सोय करा.

पहिल्याच ओळीत डावा हात चुकीच्या सप्तकात जातो. का?

सुरुवातीला दोन्ही ओळींना ट्रेबल क्लेफ आहे. डाव्या हाताचा पहिला स्वर मधला सी आहे, खालचा नाही. सवयीने बास क्लेफ धरून वाचले की गोंधळ होतो. क्लेफ बदलणाऱ्या जागांवर पेन्सिलने गोल करून ठेवा.

डावा हात उजव्याला झाकून टाकतो. काय करू?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर 'डावा हळू वाजवा' एवढेच दिले जाते. ते पुरत नाही.

डाव्या हातात आहे अल्बर्टी बास: कॉर्डचे तीन स्वर खालचा, वरचा, मधला, वरचा या क्रमाने फिरत राहतात. पहिल्या बारमध्ये सी–जी–ई–जी, दोनदा. बोटे ५–१–३–१ (दोन्ही हातांत अंगठा १, करंगळी ५). आता पाहा, वरचा जी प्रत्येक वेळी अंगठ्यावर येतो, आणि तो येतो मात्रेच्या मध्ये, जिथे जोर नकोच असतो. अंगठा हे सगळ्यात जड बोट. म्हणजे काहीच केले नाही तर प्रत्येक दुसरा स्वर ठोकला जाणार आणि सगळा ठेका उलटा पडणार. आवाज जास्त होतो तो याच अंगठ्यामुळे.

उपाय या क्रमाने करा.

आधी पहिले चारही बार नुसत्या बंद कॉर्डांत (तिन्ही स्वर एकदम) वाजवा: सी–ई–जी (५–३–१), डी–एफ–जी (४–२–१), पुन्हा सी–ई–जी, मग सी–एफ–ए (५–२–१), सी–ई–जी, बी–डी–जी (५–३–१), सी–ई–जी. कॉर्ड बदलताना हात पट्ट्यांपासून उचलू नका, फक्त जी बोटे हलायला हवीत तीच हलवा. हे डोळे मिटून जमेपर्यंत पुढे जाऊ नका.

मग फक्त करंगळी आणि अंगठा: सी खोल, जी जेमतेम ऐकू येईल असा. अंगठा पट्टीला चिकटलेलाच ठेवा. तो वरून पडला की आवाज वाढतोच. मनगट दाराची मूठ फिरवताना जसे वळते तसे, पण अगदी बोटभर, डावी-उजवीकडे डुलू द्या. बोटे उचलून वाजवली तर दोन पानांत दंड दुखायला लागतो.

शेवटी चारही स्वर, आणि त्यावर उजवा हात. उजवा नेहमीपेक्षा जास्त जोरात, अतिरेक वाटेल इतका. सुरुवातीला दोन हातांत फरक टोकाचा ठेवला की नंतर तो कमी करून योग्य जागी आणता येतो. उलट सहसा होत नाही.

बार ५ पासूनच्या स्केल्सना कोणती बोटे?

बार ५ ते ८ मध्ये उजवा हात प्रत्येक बारला एक सप्तक चढतो आणि उतरतो. पहिला स्वर क्वेव्हर (अर्ध्या मात्रेचा), पुढे चौदा सेमीक्वेव्हर. पहिला बार ए वरून, पुढचे जी, एफ आणि ई वरून. चारही बारमध्ये सगळ्या पांढऱ्या पट्ट्या आहेत, म्हणून एकच बोटरचना चारही ठिकाणी चालते:

चढताना १–२–३–१–२–३–४–५, उतरताना ४–३–२–१–४–३–२, आणि पुढच्या बारचा पहिला स्वर पुन्हा १.

उतरताना अंगठ्यावरून तिसरे बोट न टाकता चौथे टाकायचे, ही यातली युक्ती. तिसरे टाकले तर बारच्या शेवटच्या स्वरावर अंगठा येतो आणि पुढचा बारही अंगठ्यानेच सुरू करावा लागतो; तिथे दर वेळी बारीकसा खड्डा पडतो. काही आवृत्त्यांत तशी बोटे दिलेली असतात. हात लहान असेल आणि चौथे बोट ओलांडताना कोपर बाहेर जात असेल तर तीही चालतील, पण एक ठरवा आणि चारही बारमध्ये तीच ठेवा. रोज वेगळी बोटे वापरणे हे इथे अडखळण्याचे सगळ्यात मोठे कारण आहे.

बार ९ मध्ये सी शार्प येतो आणि हा साचा मोडतो. तो बार स्वतंत्रपणे बसवा.

माझ्या सेमीक्वेव्हर सारख्या पडत नाहीत, गडगडतात. वेग कमी केला की बरे होते, वाढवला की पुन्हा तेच.

तीन कारणे असू शकतात, आणि तिन्हींचा इलाज वेगळा.

एक, अंगठा खालून जाताना उशिरा निघतो आणि मग धपकन पडतो. ऐकून ओळखायचे: चढताना प्रत्येक चौथा स्वर ठळक येतो. इलाज: एफ–जी–ए–बी अशा चार स्वरांच्या तुकड्यात अंगठा दुसरे बोट पडतानाच तळव्याखाली सरकवायचा. तुकडा दहा वेळा, अगदी हळू.

दोन, चौथे-पाचवे बोट पट्टी तळापर्यंत नेत नाही. वरच्या टोकाचे दोन-तीन स्वर फिके येतात. इलाज: तेवढेच पाच स्वर (डी–ई–एफ–जी–ए) १–२–३–४–५ ने, स्टकाटो (तुटक), प्रत्येक स्वर स्पष्ट.

तीन, वळणाच्या जागी घाई. सप्तकाच्या टोकाला पोचलो की हात सुटल्यासारखा खाली येतो. मेट्रोनोमवर वाजवताना हे लगेच पकडले जाते, कारण चौथ्या मात्रेचा टिक्का तुमच्या मागे राहतो. इलाज: बारच्या पहिल्या स्वरापासून नऊ स्वर वाजवून वरच्या टोकानंतर लगेच थांबा. मग टोकापासून सुरू करून पुढच्या बारच्या पहिल्या स्वरावर थांबा. जोडायचे शेवटी.

लांब-आखूड, आखूड-लांब अशा लयीत बदलून वाजवण्याचा जुना उपायही चांगला आहे, पण वरचे कारण ओळखल्याशिवाय तो नुसता वेळ खातो.

कोणत्या वेगाने वाजवावे?

अलेग्रोचा अंक मोझार्टने दिलेला नाही. तेव्हा मेट्रोनोम बाजारात आलेलाच नव्हता. मैफलीत क्रॉचेट १२० ते १४४ दरम्यान ऐकू येते. शिकणाऱ्याने १०० ते ११२ वर स्वच्छ वाजवले तर तेही अलेग्रोच वाटते. हिशोब असा: क्रॉचेट ६० ला सेकंदाला चार सेमीक्वेव्हर पडतात, १२० ला आठ. तुमची सी मेजर स्केल सेकंदाला सहा स्वरांवर तुटत असेल, तर हा भाग ९० च्या वर नेण्यात अर्थ नाही. वेग ठरवताना बार १ ची चाल गुणगुणून ठरवू नका, ती कोणत्याही वेगात सोपी असते. बार ५ डोक्यात वाजवा आणि मग सुरू करा.

ठाय लयीत सराव करताना ६० पासून सुरुवात, आणि चूक न होता सलग तीन वेळा झाल्यावरच ४ ने वाढवा.

बार ४ मधली ट्रिल बसत नाही.

ट्रिल म्हणजे शेजारच्या दोन स्वरांची झपझप अदलाबदल. बहुतेक आवृत्त्यांत ती एफ या क्वेव्हरवर आहे, मागोमाग ई–एफ अशा दोन सेमीक्वेव्हर, आणि मग ई. या काळातली ट्रिल सहसा वरच्या स्वरापासून सुरू होते, म्हणजे जी–एफ–जी–एफ, मग ई–एफ, मग ई. डाव्या हाताशी असे जुळवा: डावा बी–जी–डी–जी वाजवतो, त्यातल्या डी वर ट्रिल सुरू, शेवटच्या जी वर ई–एफ. बोटे ४–३–४–३–२–३–२.

इतके चार स्वर वेगात मावत नसतील तर एफ–जी–एफ असे तीनच घ्या. त्यात काही कमीपणा नाही. लय मोडून पूर्ण ट्रिल घेण्यापेक्षा लयीत अर्धी घेतलेली केव्हाही बरी.

आणि बार २५ ची लांब ट्रिल?

ती ए वर आहे आणि दुसऱ्या चालीचा (बार १४ पासूनच्या) शेवट तिच्यावर होतो. बी पासून सुरू करा, शेवटी जी–ए घेऊन पुढच्या बारच्या जी वर उतरा. पहिल्यांदा मोजून वाजवा: डाव्या हाताच्या ठरावीक स्वरावर उजव्याचा ठरावीक स्वर. मोजलेली ट्रिल पक्की झाली की हळूहळू सैल सोडता येते. सुरुवातीपासूनच 'जमेल तितके वेगात हलवायचे' असे केले की डावा हातही ट्रिलच्या मागे धावू लागतो. बोटे २–३ किंवा १–३. ३–४ ने करणाऱ्यांचा हात दोन सेकंदांत आवळतो. हीच ट्रिल बार ७० मध्ये डी वर परत येते.

आवाज कमी-जास्त करण्याच्या खुणाच नाहीत. सगळे एकसारखे वाजवायचे का?

नाही. हस्तलिखित उपलब्ध नाही आणि सुरुवातीच्या छापील प्रतीत अशा खुणा जवळपास नाहीतच, एवढाच त्याचा अर्थ. कुठे काय करायचे हे रचनेतूनच काढावे लागते. पहिली चाल मध्यम आवाजात, गायल्यासारखी. बार ५ पासून स्केल्स खाली खाली सरकतात, तेव्हा दर बारला थोडे कमी, आणि बार ९ पासून पुन्हा भरत जाऊन बार १२ चा जी मेजर कॉर्ड ठाम. बार १४ ची दुसरी चाल हलकी, जवळजवळ चिडवल्यासारखी. बार १८ ते २१ मध्ये तुटक कॉर्डची साखळी आहे. एकच नमुना पायरी-पायरीने पुढे जातो, म्हणून प्रत्येक पायरीचा आवाज मागच्याहून वेगळा हवा. चार वेळा तेच एकाच आवाजात वाजले की ऐकणारा कंटाळतो.

चालीच्या आतही उतार आहे. बार २ मध्ये बी वर हलका कल देऊन सी वर सोडायचे. सी वर जोर पडला की वाक्य अडाणी होते.

पेडल वापरायचे का?

अलेग्रोत शक्यतो नाही, स्केल्समध्ये तर मुळीच नाही. मोझार्टच्या व्हिएन्नातल्या पियानोला स्वर धरून ठेवायला गुडघ्याने ढकलायची दांडी होती, म्हणजे सोय त्याला ठाऊक होती. पण त्या पियानोचा स्वर लवकर विरायचा आणि आजचा तितक्या लवकर विरत नाही. आन्दान्तेत लांब स्वरांना किंचित, कॉर्ड बदलेल तसे बदलून पेडल चालते. सराव संपूर्ण पेडलशिवाय करा. पेडल काढल्यावर जे तुटक ऐकू येते ते बोटांनी जोडायचे असते.

बार ४२ ला मुख्य चाल एफ मेजरमध्ये परत येते. छपाईची चूक आहे का?

चूक नाही. सोनाट्याच्या पहिल्या भागात मुख्य चाल परत येताना मूळ पट्टीत (इथे सी मेजरमध्ये) यावी अशी रीत. मोझार्टने इथे ती चार स्वर वर, एफ मध्ये आणली, आणि सी मध्ये दुसरी चाल (बार ५९) आल्यावर घर गाठले.

वाजवणाऱ्यासाठी यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, बी फ्लॅट. बार ४६ आणि ४७ मध्ये आधीचीच बोटे चालतात, पण बार ४८ बी फ्लॅटवर सुरू होतो आणि काळ्या पट्टीवर अंगठा नको. म्हणून बार ४७ उतरताना ४–३–२–१–३–२–१ घ्या आणि दुसरे बोट अंगठ्यावरून बी फ्लॅटवर टाका. तिथून २–१–२–३–१–२–३–४.

दुसरी, बार ५० पासून स्केल्स डाव्या हाताकडे जातात. सुरुवातीला डाव्याच्या तयारीचा आग्रह धरला तो यासाठी. बहुतेक जण सोनाटा क्रमाने शिकतात, त्यामुळे या चार बारपर्यंत पोचेतो उत्साह संपलेला असतो आणि तेवढेच कायमचे कच्चे राहतात. पहिल्याच आठवड्यात बार ५० ते ५३ डाव्या हाताने सुरू करा.

पाठ वाजवताना मी पहिल्या पानावर परत जातो आणि फिरतच राहतो.

बार १ ते २८ आणि ४२ ते ७३ बरेचसे सारखे आहेत, म्हणून बोटे जुन्या रस्त्याला लागतात. कुठे वेगळे होते ते मनाशी नावानिशी ठरवा: 'आता एफ', 'आता डावा', 'आता दुसरी चाल सी मध्ये'. पाठांतर शेवटच्या तुकड्याकडून मागे करत आणा. बार १, १४, २९, ४२, ५९ या पाच जागांपैकी कोणीही कुठलीही सांगितली तरी तिथून सुरू करता आले पाहिजे. कार्यक्रमात हात हरवला तर जवळची पुढची जागा पकडायची, मागे जायचे नाही.

आन्दान्ते हळू आहे, मग तो आधी शिकू का?

नको. स्वर त्याचे सोपे आहेत, पण डाव्या हाताचा तोच फिरता बास शेवटपर्यंत चालतो, आणि सूर इतका उघडा की डावा जरासा वर आला तरी चाल बुडते. क्रॉचेट ५६ ते ६६ ठीक. बार ३३ पासून जी मायनर येतो. तिथे वेग कमी करायचा मोह होतो तो टाळा, फक्त रंग गडद करा. बार ४९ ला मूळ चाल परत येते ती पहिल्यापेक्षा हलक्या आवाजात घेतली तर छान वाटते. चाल आधी आवाजाने म्हणून पाहा. श्वास जिथे घ्यावासा वाटतो तिथे हात उचला.

आणि रोन्दो?

लहान आणि गमतीचा. उजवा हात दुहेरी स्वरांत काहीतरी बोलतो, डावा त्याची नक्कल करतो. दोन्ही स्वर एकदम पडत नाहीत ही इथली नेहमीची तक्रार. वरचा स्वर वाजवणाऱ्या बोटाकडे वजन झुकवा आणि हात पट्टीच्या जवळ ठेवा. उंचावरून टाकलेले दोन स्वर कधीच एकत्र पडत नाहीत. ए मायनरच्या मधल्या तुकड्यात सेमीक्वेव्हर आहेत, म्हणून वेग तिथून ठरवा. ९६ ते ११२ पुरे.

पुनरावृत्तीच्या खुणा पाळायच्या का?

पहिल्या भागात दोन्ही अर्धांना पुनरावृत्ती आहे. क्रॉचेट १३२ ला एकही न घेता तो सव्वादोन मिनिटांत संपतो, फक्त पहिली घेतली तर तीन मिनिटे, दोन्ही घेतल्या तर साडेचारच्या जवळ. कार्यक्रमात पहिली घ्यावी, दुसरी सोडली तरी चालते. परीक्षेत मंडळाचा नियम पाहा.

किती दिवस लागतील?

वर सांगितलेली तयारी असेल आणि रोज ४० मिनिटे बसत असाल, तर पहिला भाग दोन ते तीन महिन्यांत ऐकवण्याजोगा होतो. संपूर्ण सोनाट्याला सहा महिने धरा. रविवारी तीन तास आणि बाकी दिवस शून्य, असे असेल तर हा हिशोब लागू नाही.

चाळीस मिनिटे अशी वाटा: ५ स्केल्स, १० डावा एकटा, १५ एकच अवघड तुकडा (चार बारपेक्षा मोठा नको), ५ दोन्ही हात हळू, आणि शेवटची ५ काहीही न थांबवता सलग. सलग वाजवणे हा वेगळा सराव आहे. तो रोज थोडाच करायचा, नाहीतर चुका पाठ होतात.

मी हार्मोनियम वाजवतो. हा सोनाटा शिकता येईल का?

उजव्या हाताची बोटे आणि पट्ट्यांची ओळख कामाला येईल. तीन गोष्टी नव्याने कराव्या लागतील. हार्मोनियमवर डावा हात भात्यावर असतो, म्हणून त्याची बोटे अगदी कोरी असतात; पहिले सहा महिने त्याला दुप्पट वेळ द्या. हार्मोनियमवर आवाज हवेने वाढतो, पियानोवर पट्टी किती वेगाने खाली जाते त्यावर. आणि स्टाफ नोटेशन वाचायला शिकल्याशिवाय हा सोनाटा हाती घेऊ नका. व्हिडिओ पाहून स्वर पाठ होतात, बोटे आणि दोन हातांचा मेळ होत नाही.

पावसाळ्यात ट्रिल जमत नाही, पट्ट्या वर येत नाहीत. दोष माझा की पियानोचा?

मुंबई, कोकण, गोव्यात बहुधा पियानोचा. दमट हवेत लाकूड आणि पट्टीखालचे फेल्टचे बुशिंग फुगते आणि पट्टी सावकाश परतते. पट्टी हळूच दाबून सोडा. ती आपोआप झटकन वर आली नाही तर बोटांना दोष देऊ नका. पियानो बाहेरच्या भिंतीला आणि खिडकीला लागून ठेवू नका, खोलीतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास राहील असे पाहा, आणि कायम अडकणाऱ्या पट्ट्या ट्यूनरकडून मोकळ्या करून घ्या. पट्ट्यांच्या फटीत तेल किंवा पावडर घालू नका, नंतरचा खर्च मोठा होतो.

दोन जणांना मिळून वाजवता येईल असे याचे काही रूप आहे का?

एडवर्ड ग्रीग या नॉर्वेच्या संगीतकाराने मोझार्टचा मूळ भाग तसाच ठेवून त्याला दुसऱ्या पियानोचा भाग जोडला आहे. दोन पियानो मिळत असतील तर विद्यार्थ्याने मूळ आणि शिक्षकाने ग्रीगचा भाग वाजवावा. रंग अगदी वेगळा येतो. कुणाला तो जास्त गोड वाटतो, आणि ते खरेही आहे.

यानंतर काय घ्यावे?

बीथोव्हेनचे ओपस ४९ मधले दोन सोनाटे. तेही व्हिएन्नातल्या त्याच प्रकाशकाने त्याच १८०५ साली छापले होते. त्यातला दुसरा, जी मेजरचा, आधी घ्या: दोनच भाग, आणि ट्रिपलेट व सरळ क्वेव्हर यांची अदलाबदल शिकवणारा. मोझार्टच्याच वाटेवर राहायचे असेल तर के. २८३, हाही जी मेजर. तो के. ५४५ पेक्षा बराच मोठा आहे, तेव्हा आधी त्याचा पहिला भागच हाती घ्या.